टाकीचं झाकण

चिंचेची फांदी निम्मी कापून झाली आणि मशीनचा आवाज खाली बसला. श्रीपतीनं रेस दाबून धरली. मशीन एकदा ओरडली, मग घशात घास अडकल्यासारखी घरघरली आणि बंद पडली. साखळीची पट्टी फांदीतच रुतून राहिली.

तो तसाच वाकून उभा राहिला. लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांवर आणि गळ्याच्या घामावर चिकटला होता. कमरेतून एक कळ पायात उतरली. ती जाईपर्यंत तो हलला नाही.

"झालं?" बांधावरून आण्णासाहेब म्हणाले.

"तापलीय जरा. दम खाऊ द्या तिला."

"सकाळधरनं दमच खातीया. काम कवा करायची?"

 श्रीपतीनं पाचर ठोकून पट्टी मोकळी केली आणि मशीन सावलीला नेऊन ठेवली.

वैशाखातल्या वादळानं आण्णासाहेबांच्या रानातली जुनी चिंच मुळासकट उन्मळून पडली होती. पडली ती नेमकी गाडवाटेवर. त्या वाटेच्या पल्याड आण्णासाहेबांची वस्ती होती आणि वस्तीवर त्यांच्या लेकीच्या, शिवांजलीच्या पोराचं जावळ काढायचं ठरलं होतं. मंडपाचं सामान, पाण्याचा टँकर, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं त्याच वाटेनं यायचं. जेसीबी लावावा तर वाटेखालून विहिरीची पाइपलाइन गेलेली. झाड कापूनच काढायला हवं होतं, आणि बेंबळीच्या आसपासच्या चार गावांत झाड कापायचं म्हटलं की लोक श्रीपतीलाच बोलवत.

बोलवत म्हणजे दोघांना बोलवत. श्रीपती आणि सरुबाई. तो मशीन धरायचा, ती फांदीला बांधलेला कासरा ओढायची. लाकूड कुठं झुकणार हे तिला आधी कळायचं. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ती कासऱ्याला एक हिसका द्यायची, की तो मागं सरायचा. पेट्रोलही तीच गाळायची. खोकल्याच्या बाटलीच्या टोपणानं त्यात ऑइल मापून घालायची आणि कॅन हलवून उजेडात धरून बघायची.

गेल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. श्रीपतीनं दिवाळीपर्यंत मशीनला हात लावला नाही. लावला तेव्हापासून ती अशीच चालत होती. सुरू व्हायची, झकास चालायची, आणि एक-दोन फांद्या झाल्या की बसायची. थोडा वेळ तशीच ठेवली की पुन्हा सुरू व्हायची.

गावात लोक म्हणत, "सरुबाई गेली आन् मशीनचीबी नियत फिरली." श्रीपती त्यांना हसायचा. घरी आल्यावर मात्र त्याला वाटायचं, की असेलही तसं.

सावलीला बसून त्यानं प्लग काढला. काळा पडला होता. सदऱ्याच्या टोकानं पुसला, कानशीनं टोक घासलं. हवेची जाळी काढून फुंकली. साखळीचा एकेक दात अंगठ्यानं तपासला. दात धारदार होते, ते त्यानंच आदल्या संध्याकाळी घासले होते. दोरी ओढल्यावर मशीन लगेच सुरू झाली. उरलेली फांदी कापली, तिच्या शेजारची अर्धी कापली, आणि पुन्हा तोच घरघराट.

आण्णासाहेबांनी गड्याला चहा आणायला सांगितला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात आला, श्रीपतीला कागदी कपात. कप मऊ पडायच्या आत पिऊन टाकायची त्याला सवय होती.

"श्रीपती, माझं ऐक," आण्णासाहेब म्हणाले. वयानं ते त्याच्याहून लहान होते. "दाखीव कुठं तरी तिला. जावळ काय फुडं जात न्हाय. पोराचा मामाबी आलाय मुंबईहून."

"उद्या नळदुर्गला जातो. रेवणप्पाकडं."

"आन् परवा?"

"परवा वाट मोकळी करून देतो."

संध्याकाळी अमरदीपचा फोन आला. श्रीपतीचा हा एकुलता एक पोरगा पुण्याकडं कंपनीत होता. सरुबाई गेल्यापासून तो बापाला तिकडं बोलवत होता आणि बाप नाही म्हणत होता. शेवटी एकदा वैतागून श्रीपती म्हणाला होता, "मशीन चालतीय तवर म्या हितं. बंद पडली की येतो तुझ्याकडं, मग तर झालं?" हे बोलताना मशीन खरंच बंद पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाबा, मशीन कशी आहे?" अमरदीपनं विचारलं. जेवलात का, हे त्यानं त्यानंतर विचारलं.

"बरी हाय. उद्या नळदुर्गला नेतोय जरा."

"प्रीतीनं तुमच्यासाठी खोली लावून ठेवलीय. खिडकी आहे. खाली बाग आहे, म्हातारी माणसं बसतात तिथं."

"बसत असतील की."

सून चांगली होती, पोरगा चांगला होता. खोलीही चांगलीच असणार. पण त्या बागेत बसणाऱ्या माणसांत सरूला ओळखणारं कोणी नव्हतं. इथं विहिरीवर गेलं तरी कोणी ना कोणी म्हणायचं, सरुबाई असती तर असं बोलली असती. कोणी तिची नक्कल करायचं, कोणी तिच्या रागाची आठवण काढायचं. तेवढ्यावर श्रीपतीचा दिवस जायचा. हे पोराला फोनवर कसं सांगायचं, ते त्याला जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन पोत्यात घातली आणि एसटी धरली. गाडी निघाल्यावर कंडक्टर नाक ओढत मागं आला.

"कशाचा वास येतोय, बाबा?"

"मशीन हाय. लाकडाची."

"पेट्रोल हाय का त्यात?"

"असंल थोडं तळाला."

"थोडं असू नाहीतर लई. गाडी पेटली म्हंजी? उतरा आन् सांडून या. थांबतो म्या."

गाडीतली सगळी माणसं बघत होती. श्रीपती खाली उतरला, बाभळीच्या बुडाशी टाकी उपडी केली आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत धरली. पुन्हा चढला तेव्हा त्याच्या जागेवर एक बाई पिशवी घेऊन बसली होती. तो पोतं मांडीशी घेऊन दारात उभा राहिला.

रेवणप्पाचं दुकान हायवेला होतं, धाब्याला लागून. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, कटर, सगळं तो दुरुस्त करायचा. श्रीपतीला बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"बर्री, बर्री, श्रीपती. या, बसा." मग थोडं थांबून म्हणाला, "वैनींचं ऐकलं म्या. यायचं हुतं. न्हाय जमलं."

"असू द्या."

"कडक बाई. एकदा मला म्हणाली, रेवणप्पा, तुमी मशीन उघडता आन् एक स्क्रू कायम उरतो, तो कुणाचा?"

श्रीपती हसला. आठवडाभरात पहिल्यांदाच हसला असेल.

रेवणप्पानं मशीन उघडली. कार्बोरेटर काढला, बारक्या तारेनं साफ केला, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकला. जाळीत धूळ दिसली ती श्रीपतीला दाखवली. "ही बघा. हीच भानगड." पुन्हा सगळं जोडलं. टाकीचं झाकण त्याला बांधलेल्या बारक्या दोरीवर लोंबकळतच होतं. तसंच बाटलीतून घोटभर पेट्रोल ओतून त्यानं दोरी ओढली. मशीन सुरू झाली आणि चालतच राहिली. रेवणप्पानं रेस वाढवली, कमी केली, बाजूचा ओंडका कापून दाखवला. जाणारा-येणारा ट्रक दिसत होता, पण त्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

"आता?" मशीन बंद करून रेवणप्पा म्हणाला.

"आता काय. पोरीवानी चालतीया."

"मग जावा आन् कापा तुमची चिंच. आन् आजून एक सांगू का? माणूस गेलं म्हंजी हात जड हुतो. मशीनला ते कळतंय."

श्रीपती मशीन घेऊन परत आला. येताना टाकीत पेट्रोल नव्हतं, कुणी उतरवलं नाही, त्यामुळं बसायला जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो चिंचेवर गेला. जावळ आता एका दिवसावर आलं होतं. वस्तीवर बायका आल्या होत्या, चुलवण पेटलं होतं आणि धूर आडवा वाटेवर येत होता. श्रीपतीनं टाकी भरली, झाकण घट्ट पिळून लावलं, दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्याला उठली. एक फांदी गेली. दुसरी गेली. बुंध्याला पट्टी लावली आणि भुसा पायावर पडायला लागला. लाल, ओलसर, चिंचेचा भुसा. श्रीपतीच्या मनात आलं, झालं एकदाचं.

आणि आवाज खाली बसला.

त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. मंडपाचा टेंपो चिंचेच्या पलीकडं येऊन उभा होता आणि ड्रायव्हर दार उघडून पाय बाहेर सोडून बसला होता.

आण्णासाहेब आले. या वेळी ते ओरडले नाहीत. श्रीपतीला त्याचंच वाईट वाटलं.

"राहू दे, श्रीपती," ते म्हणाले. त्याच्यासमोरच त्यांनी फोन लावला. नळदुर्गकडच्या दुसऱ्या कटरवाल्याला दुपारी मोठी मशीन घेऊन यायला सांगितलं. मग फोन खिशात ठेवून म्हणाले, "तू काय कमी काम केलंस का आजवर? माझ्या वडलापासनं झाडं कापतोस. आता जा पोराकडं. जेवून-खाऊन बस निवांत. आज जेवून जा पर."

श्रीपती मान हलवून बाजूला झाला. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं.

फोन वाजला. अमरदीप होता.

"गेलता का नळदुर्गला?"

"जाऊन आलो."

"चालतीय?"

श्रीपतीनं चिंचेकडं बघितलं. "न्हाय."

अमरदीप म्हणाला, "मग बाबा, रविवारी गाडी घेऊन येतो मी. तुम्हीच बोलला होता."

"व्हय. बोललो हुतो."

त्यानं फोन ठेवला आणि वस्तीच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसला. घरातलं काय काय न्यायचं याचा तो विचार करायला लागला, आणि नेण्यासारखं फारसं काही आठवेना. तांब्या. सरूचं एक लुगडं. बाकीची लुगडी प्रीतीनं बायकांना वाटली होती, एक त्यानं ठेवून घेतलं होतं.

"भाऊजी, बसलाव काय रिकामं? या हिकडं. हा डबा मला उचलंना."

कडूबाई हाक मारत होती. आण्णासाहेबांकडं ती सालोसाल कामाला होती, आणि सरुबाई अन् ती एकाच टोळीत खुरपायला जायच्या. चुलवणावर मोठी कढई होती आणि तिच्या पायाशी तेलाचा मोठा पत्र्याचा डबा. डब्याच्या कोपऱ्यात तिनं खिळा ठोकून भोक पाडलं होतं.

"धरा आन् वाकवा. हळू."

श्रीपतीनं डबा कवेत घेऊन वाकवला. तेलाची धार आली, लगेच अडखळली. डबा त्याच्या हातात आचके द्यायला लागला. डुबुक, डुबुक. पत्रा आत दबायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. एक शिंतोडा कडूबाईच्या हातावर उडाला.

"अगं माय! थांबा, थांबा. दुसरं भोक मारलंच न्हाय की म्या." तिनं हसत हसत डबा खाली ठेवायला लावला आणि समोरच्या कोपऱ्यात खिळा धरून वरवंट्यानं हाणला. "वारा आत गेल्याबिगर तेल भाईर येतंय व्हय? सरू असती तर मला खुळी म्हणली असती. आता वाकवा."

श्रीपतीनं वाकवला. धार सरळ आली. डबा हातात शांत होता. तेल संथ कढईत पडत राहिलं आणि श्रीपती डब्याकडं बघत राहिला.

"आवो बास, बास! आख्खा डबा वतता का काय?"

त्यानं डबा खाली ठेवला आणि तडक चिंचेकडं निघाला. कडूबाईला वाटलं, माणसाला राग आला.

मशीन थंड झाली होती, लगेच सुरू झाली. श्रीपतीनं ती जमिनीवर ठेवली, गुडघा टेकून बसला आणि नुसती चालू दिली. रेस धरली. कान देऊन ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं आवाज खाली बसायला लागला, घरघर सुरू झाली. बंद पडणार, तेवढ्यात त्यानं टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण सैल झालं आणि सूंऽ करून वारा आत गेला. इंजिनाच्या आवाजातही तो त्याला बोटाला कळला. मशीन खोकली, आणि पुन्हा उठली. मोकळ्या गळ्यानं ओरडायला लागली.

त्यानं मशीन बंद केली आणि झाकण उलटं करून तळहातावर घेतलं.

झाकणाच्या आत एक गोल घडी होती. खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा, त्यावर कापडाचे चार पदर, कडेनं दोऱ्यानं टाचलेले. हे त्यानंच केलं होतं. दिवाळीनंतर मशीन काढली तेव्हा झाकणाचं रबर झिजलं होतं, पेट्रोल मांडीवर पडून कातडी सोलली होती. नवं रबर आणायला जायचं जिवावर आलं होतं. हाताशी सरूचं ते लुगडं होतं, इरकली, गर्द हिरवं. पदराच्या आतला, कुणाला दिसणार नाही असा तुकडा त्यानं कापला. सरू असताना मशीन तिच्या हातून भरली जायची, आता तिचं एवढं तरी राहील, असंही मनात होतंच. गळती थांबली होती. घडी त्यानं मोठ्या मेहनतीनं, जराही फट न ठेवता बसवली होती.

त्यानं घडी नखानं वर उचलली. झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ते घडीनं बंद झालं होतं. पेट्रोल कमी होत गेलं, की त्याच्या जागी आत जायला वारा नव्हता.

"चहा घ्या," कडूबाई मागं येऊन उभी होती. हातात स्टीलचा पेला होता. तिची नजर त्याच्या तळहातावर गेली. "हे सरूचं लुगडं न्हाय का?"

"व्हय."

"बेंबळीच्या बाजारात घेतलेलं. म्या हुते संगं. दुकानदाराला रडवला हुता तिनं." ती शेजारी टेकली. "हितं काय करतंय?"

त्यानं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण कडूबाईला समजलं. ती पदरात तोंड घालून हसली, आणि मग डोळे पुसले.

"काढून टाकतो," श्रीपती म्हणाला. पण घडी त्याच्या हातातच राहिली.

"काढलं तर गळंल."

"गळू दे."

"मांडी जाळून घ्यायची परत?" कडूबाईनं कमरेचा खिळा काढला. तेलाच्या डब्याचा, तेलकट. "मधी भोक पाडा की त्याला. कडंनं गळायचं न्हाय, मधनं वारा जाईल."

श्रीपतीनं खिळा घेतला. घडी चिंचेच्या कापलेल्या ओंडक्यावर ठेवली. खिळा मधोमध टेकवला, आणि हात थांबला. त्या कापडात अजून कुठंतरी तिच्या अंगाचं काही असेल, असं त्याला वाटत होतं. खरं तर त्याला आता नुसता पेट्रोलचा वास येत होता.

"हाणा," कडूबाई म्हणाली. "सरूनं कवाच हाणलं असतं. वर दोन शिव्या दिल्या असत्या तुमास्नी."

त्यानं दगड उचलून हाणला. चार पदर आणि पिशवी, आरपार. खिळा ओंडक्यात रुतला तो त्याला हलवून काढावा लागला. भोकाच्या कडेचे धागे त्यानं दातानं तोडले, घडी झाकणात भोकाला भोक जुळवून बसवली, पिशवी झाकणाकडं, पूर्वी होती तशी. मग चहा पिऊन टाकला.

मशीन उठली. त्यानं पट्टी बुंध्याला लावली. भुसा पायावर पडत राहिला, घोट्यापर्यंत आला. आवाज खाली बसेल म्हणून तो वाट बघत होता, खांदे आखडून धरले होते. बुंधा निम्मा झाला. आवाज तसाच होता. मग त्याचे खांदे आपोआप सैल झाले. दोन-चारदा त्यानं कासऱ्याच्या हिसक्याची वाट बघितली, आणि हिसका येणार नाही हे आठवून स्वतःच मागं सरला. टेंपोचा ड्रायव्हर पाय आत घेऊन उभा राहिला. वस्तीवरून गडी आले, कापलेले ओंडके लोटत बांधाला न्यायला लागले. आण्णासाहेब येऊन हात कमरेवर ठेवून बघत राहिले. काही बोलले असतील तर मशीनपुढं ऐकू आलं नाही. मग ते बाजूला गेले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

शेवटचा ओंडका सुटला तेव्हा ऊन चिंचेच्या मुळांवर आलं होतं. मशीन अचानक बंद पडली. श्रीपतीनं ती जमिनीवर ठेवली. त्यानं झाकण फिरवलं. सूं झालं नाही. आत बोट घातलं, टाकी कोरडी होती. पेट्रोल संपलं होतं, एवढंच.

टेंपो वाटेवरून आत गेला. ड्रायव्हरनं जाता जाता हात वर केला.

श्रीपती खोडावर बसला. मशीनचे झटके अजून अंगात राहिले होते. त्यानं खिशातून फोन काढला. अमरदीपचे बरेच फोन येऊन गेले होते. त्यानं लावला.

"बाबा!" अमरदीप घाबरा झाला होता. "किती वेळ फोन करतोय. का उचलत नव्हता? बरे आहात ना?"

"बरा हाय."

"मग?"

श्रीपतीनं गळ्यावरचा भुसा पुसला.

"ऐकू न्हाय आला," तो म्हणाला. "मशीन चालू हुती."